कल्पित स्तनांस जरीचा पदर घातला त्याची हकीकत

॥ श्री ॥ विघ्नें हरणारा जो गजानन त्यास साष्टांग नमन, आणि विघ्नें उभीं करणारे जे कारभारी त्यांस दुरूनच रामराम. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आणि नांवाप्रमाणें त्याचा गुण आला. ते समयीं या दौलतीचे दिवाण श्रीमंत नागोजीराव साहेब मुलकाचा कारभार एकहातीं करीत होते. साहेब स्वभावें सज्जन, रयतेचे कैवारी. दोष म्हणावा तर इतकाच कीं लाज फार, आणि ज्या गोष्टीची लाज वाटे त्या गोष्टीविषयीं हुकूम काढण्याची हौसही तितकीच. राजधानींत छायागृह म्हणोन एक महाल होता, आणि तेथें वेणूबाई खरवंडीकर या नांवाच्या विदुषी गणकयंत्रावर स्त्रियांचे स्तन रचीत असत. हें वाचोन कोणी भुंवया चढवूं नयेत. चढविल्यास उतरवाव्या आणि पुढें वाचावें, कारण भुंवया चढविणारांनींच पुढील सर्व घोळ घातला.

क्ष-किरणांनीं स्तनाची छाया घेतां कर्करोगाची गांठ हातास लागण्यापूर्वीं डोळ्यांस दिसते, आणि वेळेवर दिसली तर बाई वांचते, ऐसें शास्त्र. परंतु किरण किती सोडावे? कमी सोडिले तर चित्र रवाळ होतें आणि गांठ त्यांत हरवते; अधिक सोडिले तर किरणच बाधतात. मध्यम प्रमाण शोधावें तर कोणाचे अंगावर शोधावें? जिवंत बाईस पुनःपुन्हा किरणांखालीं उभी करूं नये, आणि केली तरी तिचे आंत खरोखर काय आहे हें कापल्यावांचून कळत नाहीं; मग छाया वाचणारा हकीम चुकला कीं बरोबर आला हें कोणीं ठरवावें? यास्तव वेणूबाई गणकयंत्रांत बाया निर्माण करीत. चरबी कोठें, दूधग्रंथी कोठें, नलिका कोणत्या वळणानें, कातडी किती जाड, हें सर्व आंकड्यांनीं मांडीत, आणि मग तो कल्पित स्तन दोन कल्पित तक्त्यांमध्यें दाबीत, कारण खऱ्यासही तैसेंच दाबितात. आणि मग कल्पित किरण एक एक करोन सोडीत, आणि तो किरण वाटेंत अडला, वळला कीं पार गेला हें यंत्र फांसा टाकून ठरवी. आणि ऐसे कोट्यवधि किरण जाहले म्हणजे खालीं छाया उमटे. आणि कांहीं चित्रांत वेणूबाई आपले हातें गांठ ठेवीत, किंवा रव्याएवढे चुन्याचे कण पेरीत, कारण रोगाची पहिली वर्दी पुष्कळदां ते कणच देतात. कोठें काय ठेविलें हें बाईंस ठाऊक, हकिमांस नाहीं. मग हकिमांनीं वाचावें आणि बाईंनीं ताडून पाहावें. फांसा हा शब्द मात्र कचेरींत पोहोंचला, आणि छायागृहांत जुगार चालतो काय म्हणोन कोतवालाची विचारणा आली. वेणूबाईंनीं समक्ष जाऊन समजाविलें. कोतवाल शेवटपर्यंत मान डोलवीत राहिला आणि मग म्हणाला, “ते सगळं खरं, बाई. पण जिंकतं कोण?” वेणूबाई कपाळास हात लावून परत आल्या.

आतां बाईंस या कामाची इतकी तळमळ कां, तें सांगतों. मागें एके वर्षीं दौलतीनें मोठ्या उत्साहानें छायागाड्या गांवोगांव धाडिल्या होत्या. परीक्षा वगैरे कांहीं केली नाहीं. कोणा काटकसरी कारकुनानें किरणांचें प्रमाण कमी बांधून दिलें आणि गाड्या निघाल्या. वेणूबाईंची थोरली जाऊ रेवूबाई, वयानें फार मोठी नव्हे, स्तन घट्ट ग्रंथींचे, ऐशा स्तनाची छाया पांढरीच येते आणि गांठही पांढरीच, तेव्हां भातांत खडा शोधावा तैसें होतें. ती हौसेनें गाडींत गेली. निर्दोष म्हणोन सांगितलें. घरीं येऊन तिनें आळीभर साखर वांटली, आणि वर्ष सरतां गांठ हातास लागली, आणि तेव्हां फार उशीर जाहला होता. शेवटचे दिवसांत ती वेणूबाईंस म्हणाली, “अगं, त्यांनी बघितलं होतं ना? मग बघितलं तरी काय?” हा प्रश्न घेऊन वेणूबाई वाड्यावर गेल्या. त्यांनीं दिवाणसाहेबांपुढें उभें राहोन सांगितलें, “साहेब, चुका व्हायच्याच. पण ज्या बायका जन्मालाच आल्या नाहीत त्यांच्यावर आधी होऊ द्या, मग गाड्या काढा.” साहेबांस तें पटलें, त्यांनीं गाड्या कारखान्यांत उभ्या करविल्या, आणि बाईंची परीक्षा होईतों एकही बाहेर काढूं नये ऐसा हुकूम दिला. येथवर सर्व शहाणपणाचें चाललें होतें.

मग परीक्षेआधीं चित्रें दरबारास दाखवावीं ऐसें ठरलें, आणि तेथें माशी शिंकली. दरबार भरला, मानकरी आपापल्या जागीं बसले, पांढरा पडदा सोडिला, आणि वेणूबाईंनीं पहिलें चित्र लाविलें. तें भिंतीएवढें उमटलें. कोणी छताकडे पाहूं लागला, कोणी आपल्या जोड्यांकडे, आणि खजिनदारांस ठसका लागला तो थांबेना. दिवाणसाहेबांनीं हातरुमालानें कपाळ टिपलें आणि हळूच विचारिलें, “बाई, हे... हे कोणाचं म्हणायचं?”

“कोणाचंच नाही, साहेब. नुसते आकडे आहेत.”

तेव्हां धोंडभट शास्त्री, जे दरबारांत धर्माधर्माचा निवाडा देत आणि कोणत्याही विषयावर न विचारतां देत, ते उठले. म्हणाले, “कोणाचंच नाही, हीच तर अडचण आहे. एकीचं असतं तर एकीची लाज गेली असती. कोणाचंच नाही म्हणजे सगळ्याच लेकीसुनांची गेली!” हा युक्तिवाद ऐकोन दरबार थक्क जाहला, आणि वाहवा वाहवा जाहली. वेणूबाईंनीं म्हटलें, “शास्त्रीबुवा, हाडांची छाया दाखवली तर तुम्ही मान खाली घालता का?” त्यावर शास्त्रीबुवा म्हणाले कीं, हाडें पुरुषांसही असतात. पुन्हा वाहवा जाहली. मग त्याच बैठकीस मर्यादामंडळ नेमिलें, शास्त्रीबुवा त्याचे अध्यक्ष, आणि बाकीचे सभासद सर्व वृद्ध, सर्व सज्जन, आणि सर्व पुरुष. छायागृहांतून जें चित्र निघेल तें आधीं मंडळानें पाहावें ऐसा ठराव जाहला. म्हणजे ज्यांस पाहण्याची लाज वाटे त्यांसच पाहण्यास बसविलें.

मंडळाची पहिली आज्ञा आली कीं चित्रांतील स्तनाग्र काढून टाकावें, बाकी चालेल. वेणूबाई तांतडीनें मंडळापुढें गेल्या आणि म्हणाल्या, “स्तनाग्र ही खूण आहे. गाठ तिच्यापासून किती अंतरावर, वरच्या अंगाला की खालच्या, हे तिच्यावरूनच मोजतात. एक छाया वरून घेतात, एक तिरकी. दोन्हींत तीच गाठ आहे का, हेही तिच्यावरूनच कळतं. गावाची वेसच पुसून टाकली तर घर कुठे सांगायचं?” मंडळानें शांतपणें ऐकोन घेतलें. एका सभासदांस डुलकी लागली होती, ते जागे होऊन म्हणाले, “अंतर दुसऱ्या कशापासून मोजा.” “कशापासून?” “खांद्यापासून मोजा.” “चित्रात खांदा येत नाही, आजोबा.” “मग खांदाही घ्या चित्रात!” ऐसा संवाद पुष्कळ वेळ चालला, आणि शेवटीं जेथें जेथें स्तनाग्र तेथें तेथें काळें ठिगळ लावावें ऐसें कायम जाहलें. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण वेणूबाईंनीं मनांत म्हटली. उघड म्हणाल्या नाहींत, कारण गाड्या अजून कारखान्यांत उभ्या होत्या आणि मंडळाच्या संमतीवांचून त्या हलणार नव्हत्या. घरीं येऊन मात्र त्यांनीं पोळपाट असा आपटला कीं शेजारीण विचारावयास आली.

ठिगळ लावून चित्रें गेलीं. मंडळानें पाहिलीं आणि दुसरी आज्ञा केली कीं, चित्र अद्याप उघडेंच दिसतें, तरी त्यावर पदर असावा. “पदर?” वेणूबाई म्हणाल्या. “छायेला?” “छायेला म्हणजे त्या बाईला.” “ती बाई नाहीच आहे!” “नसेना का. पदर असू दे.” बाईंनीं मान खालीं घालोन गणकयंत्रांत कल्पित सुती पदर विणिला, तो कल्पित स्तनावर घातला, आणि किरण सोडिले. सुतास किरण जुमानीत नाहींत, ते हवेंतून जावे तैसे पार गेले, आणि चित्र होतें तैसेंच आलें. मंडळ संतापलें. शास्त्रीबुवा म्हणाले, “बाई, पदर घातला म्हणता, दिसत तर नाही. आम्हाला काय समजलात?” वेणूबाईंनीं शपथेवर सांगितलें कीं पदर आहे, परंतु किरण आरपार जातात. मंडळानें पुष्कळ विचार केला आणि विचारिलें कीं, ऐसें वस्त्र नाहीं काय जें किरणांसही दिसेल? येथें वेणूबाईंचा सारा संताप जिभेवर आला, आणि त्या उपरोधानें बोलून गेल्या, “आहे की! जरीचा घाला! धातूची तार आहे, झकास दिसेल!” उपरोध हें हत्यार मंडळावर चालत नसे. सर्व सभासद प्रसन्न जाहले, जरतार ही शोभाही आहे आणि मर्यादाही आहे म्हणाले, आणि बारीक बुट्ट्यांचा, रुंद कांठांचा जरीचा पदर सर्व चित्रांस लावावा ऐसी आज्ञा लागलीच जाहली. वेणूबाईंनीं आपली जीभ चावली. सुटलेला शब्द आणि उंटावरचे शहाणे यांस खालीं उतरवितां येत नाहीं.

मग तो जरीचा पदर गणकयंत्रांत विणावा लागला. तार किती जाड, चांदी किती, तांबें किती, बुट्टी कोठें, चुणी कोठें, सर्व आंकड्यांनीं, आणि त्यांत कित्येक महिने गेले. किरण सोडितां कांठ पांढरा लख्ख उमटला, आणि बुट्ट्यांचीं तुटकीं टोकें सर्व चित्रभर रव्यासारखीं पसरलीं. वेणूबाई स्वतः पाहात बसल्या. यांत आपण पेरिलेले चुन्याचे कण कोणते आणि जरीचे कण कोणते हें त्यांसच ओळखेना. त्यांस रडूं आलें. ज्या हातांनीं रेवूबाईसाठीं हें काम आरंभिलें त्याच हातांनीं आपण तिजवर दुसऱ्यांदा धोंडा ठेवितों ऐसें त्यांस वाटलें. परंतु परीक्षेंत हा मूर्खपणा आपोआप उघडा पडेल, हकीम नापास होतील, आणि दिवाणसाहेब स्वतःच पदर काढा म्हणतील, या आशेवर त्यांनीं चित्रें पुढें धाडिलीं.

परीक्षेस बसले ते हकीम बद्रुद्दीनसाहेब, दौलतींतले थोर छायावाचक, नजर ससाण्याची. त्यांनीं पहिलें चित्र पाहिलें, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलें आणि विचारिलें, “बाई, ये क्या है? ह्यात कण आहेत की लग्नाचा बस्ता?” वेणूबाईंस परीक्षेंत बोलतां येत नसे. हकीम सद्गृहस्थ आणि सावध. एखादी बाई आपल्या हातून सुटूं नये हा त्यांचा बाणा. कण चुन्याचे नाहींत ऐसें खात्रीनें सांगतां येईना, तेव्हां त्यांनीं पहिल्यावर रोगी लिहिलें, दुसऱ्यावर रोगी लिहिलें, आणि शेवटपर्यंत सर्वांवर रोगीच लिहिलें. मंडळानें निकाल पाहिला. ज्या चित्रांत रोग ठेविला होता तीं सर्व ओळखलीं गेलीं होतीं, एकही सुटलें नव्हतें! मंडळानें पूर्ण गुण दिले, नगारखान्यांत चौघडा वाजला, आणि शास्त्रीबुवा म्हणाले कीं पदरामुळें दृष्टि उलट तीक्ष्ण जाहली.

“अहो, पण धडधाकट बायकांनाही रोगी म्हटलंय!” वेणूबाई ओरडल्या. “असं तर आंधळाही म्हणेल!”

“सावध असलेलं बरं, बाई,” दिवाणसाहेब समजुतीनें म्हणाले. “रोग नसताना आहे म्हटलं तर काय बिघडलं?”

“कापतील त्यांना, साहेब! घाबरून मरतील! आणि सगळ्यांनाच रोगी म्हटल्यावर खरी रोगी कोण, ते कोण शोधणार?” हकीमसाहेबांनींही मान डोलावली आणि म्हटलें कीं मला हे गुण नकोत. परंतु चौघडा वाजत होता आणि कोणास ऐकूं गेलें नाहीं. आणि मग तिसरी आज्ञा निघाली: परीक्षा ज्या रीतीनें उत्तीर्ण जाहली त्याच रीतीनें गाड्यांत काम चालावें, म्हणोन जिवंत स्त्रियांचीही छाया जरीचा पदर घेऊनच काढावी, आणि चित्रांतील स्तनाग्रावर ठिगळ लावावें, प्रत्येक गाडींत सरकारी पदर ठेवावा. जो खेळ न जन्मलेल्या बायांवर चालला होता तो आतां जन्मलेल्यांवर चालणार, हें उघड दिसूं लागलें. वेणूबाई दिवाणसाहेबांच्या वाड्यावर रोज जाऊं लागल्या, आणि देवडीवरले शिपाई त्यांस पाहतांच साहेब पूजेस बसले आहेत ऐसें सांगूं लागले. साहेबांची पूजा त्या दिवसांत फार वाढली.

पुढें विश्वावसु संवत्सर लागलें आणि गाड्यांचा मुहूर्त निघाला. रयतेस धीर यावा म्हणोन पहिली छाया प्रत्यक्ष दिवाणसाहेबांच्या कुटुंबाची, गजराबाईसाहेबांची, घ्यावी ऐसें ठरलें. गजराबाई म्हणजे भरल्या अंगाच्या, भरल्या आवाजाच्या, आणि कोणाचें ऐकोन न घेणाऱ्या. चौकांत शामियाना दिला, गाडी फुलांनीं सजविली, बाईसाहेब आंत गेल्या, सरकारी पदर घेतला, छाया निघाली, आणि ठिगळ लावून हकीमसाहेबांपुढें आली. हकिमांनीं पाहिलें आणि त्यांचा चेहरा उतरला. दिवाणसाहेबांनीं हंसतच विचारिलें, “काय हकीमसाहेब? निर्दोष ना?”

“सरकार, माफी असावी. कण दिसतात. जरीचे की चुन्याचे, खुदाला माहीत. आपल्या नियमाने रोगी लिहावं लागतं.”

साहेबांचें हंसूं तोंडावरच वाळलें. “कुठे? कुठे आहे रोग?”

“तेही सांगता येत नाही. खूण झाकली आहे. शस्त्रवैद्यांना बाईसाहेबांचं सगळंच काढावं लागेल.”

“सगळं?” साहेब म्हणाले आणि मटकन् खालीं बसले. गोष्ट दुसऱ्याच्या घरची होती तोंवर जें बिघडलें वाटत नव्हतें तें आतां एकदम बिघडलें. वेणूबाई पुढें जाहल्या आणि हात जोडोन म्हणाल्या, “साहेब, पदर काढून पुन्हा छाया घेऊ द्या. ठिगळही नको. पाया पडते.” साहेबांनीं शास्त्रीबुवांकडे पाहिलें. शास्त्रीबुवांस घाम फुटला होता, परंतु ते म्हणाले कीं अध्यक्षानेंच नियम मोडिला तर मंडळ कशास, आणि मंडळाची बैठक पौर्णिमेस आहे, तेथें विषय घेतां येईल. साहेब पौर्णिमा पौर्णिमा ऐसें पुटपुटूं लागले. तितक्यांत गाडीचा पडदा सरला आणि गजराबाईंनीं आंतूनच हांक दिली, “अहो! हा पदर कोणाच्या अंगावर आहे?”

“तुमच्या,” साहेब म्हणाले.

“मग काढायचा की ठेवायचा, हे मला विचारायचं सोडून त्या म्हाताऱ्याला काय विचारताय? वेणूबाई, आत या. आणि ते दार लावून घ्या.”

दार लागलें. पदर निघाला, आणि दुसरी छाया आली. वेणूबाईंनीं आणि हकिमांनीं ती एकत्र पाहिली. सारे कण नाहींसे जाहले होते. जो तो कण जरीचा, चुन्याचा एकही नव्हता. बाहेर बातमी जातांच शामियान्यांत जल्लोष जाहला, कोणी पेढे आणावयास धांवला. परंतु हकीमसाहेब उठले नाहींत. त्यांनीं चित्र जवळ ओढिलें आणि बोटानें दाखविलें. जेथें जरीचा कांठ पांढरा लख्ख पडला होता, त्याच्या बरोबर खालीं ज्वारीच्या दाण्याएवढी गांठ होती, कांटेरी. वेणूबाईंनीं अशा गांठी स्वहस्तें पुष्कळ ठेविल्या होत्या. ही त्यांनीं ठेविलेली नव्हती. हकिमांनीं स्तनाग्रापासून अंतर मोजिलें आणि जागा नेमकी सांगितली. शस्त्रवैद्यांनीं तेवढीच गांठ काढिली, बाकी सर्व शाबूत राखिलें, आणि गजराबाई महिन्याभरांत पूर्ववत् सर्वांवर ओरडूं लागल्या.

आतां तरी शहाणपण यावें कीं नाहीं? दिवाणसाहेबांनीं वेणूबाईंस बोलावोन शालजोडी दिली, डोळ्यांत पाणी आणिलें, आणि हुकूम वाचून दाखविला कीं, आमचे घराण्यांतील स्त्रियांस पदर माफ असे; रयतेची मर्यादा मात्र पूर्ववत् राखावी. वेणूबाईंनीं शालजोडी तशीच घडीनें खालीं ठेविली. इतके दिवस पोटांत ठेविलेला संताप होता, तो बाहेर आला तेव्हां आवाज मात्र अगदीं हळू निघाला. “साहेब,” त्या म्हणाल्या, “माझी जाऊ रयतेतलीच होती.” साहेब नियमाविषयीं, लोक काय म्हणतील याविषयीं, शास्त्रीबुवांच्या मनास काय वाटेल याविषयीं कांहींबाहीं बोलूं लागले. पलीकडे लोडास टेकून गजराबाई बसल्या होत्या, त्यांनीं पानाचा डबा बंद केला.

“अहो, एक सांगा मला. मी वाचले ती तुमची बायको म्हणून, की पदर काढला म्हणून?”

मग साहेबांनीं तो हुकूम फाडिला, आणि दुसरा लिहविला कीं सर्व स्त्रियांची छाया उघड्या अंगाची, बंद दाराआड, बाईमाणसानेंच घ्यावी, आणि चित्र जैसें येईल तैसें पूर्ण पाहावें. शास्त्रीबुवांस वाईट वाटूं नये म्हणोन मर्यादामंडळ बरखास्त न करितां पाटबंधाऱ्यांकडे बदलिलें. तेथें आतां काय झांकतात तें देव जाणे.

आणि मग वेणूबाईंनीं परीक्षा पहिल्यापासोन घेतली, ठिगळावांचून आणि पदरावांचून. हकीमसाहेब चुकले, पुन्हा चुकले, आणि दर चुकीस वेणूबाईंनीं किरणांचें प्रमाण फिरविलें. घट्ट ग्रंथींच्या बायांसाठीं वेगळें बांधिलें. ज्यांच्यांत गांठ सुटली त्या सर्व बाया गणकयंत्रांतल्याच, त्यांच्या घरीं कोणी रडणारें नव्हतें. प्रमाण ठरलें तेव्हां गाड्या निघाल्या, आणि पहिल्या गांवीं वेणूबाई स्वतः गेल्या. रांगेंत भिवराबाई कुंभारीण होती, हात मातीचे, ते तिनें दारांतच लुगड्यास पुसले आणि आंत आली. छाया निघाली. हकिमांनीं फार वेळ पाहिलें, वेणूबाईंनीं त्याहूनही फार वेळ पाहिलें, आणि तिला सांगितलें कीं कांहीं नाहीं, घरीं जा. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि वळून उभी राहिली.

“बाई, पक्कं ना? मागं एकदा आमच्या नणंदेला बी असंच सांगितलेलं.”

वेणूबाईंस पक्कें म्हणोन टाकावें ऐसें फार वाटलें. परंतु खोटें बोलवेना. “पक्कं देवालाच ठाऊक, बाई,” त्या म्हणाल्या. “पण या खेपेला आम्ही झाकून पाहिलेलं नाही.” भिवराबाई बरं म्हणाली आणि निघून गेली.

एवंच हकीकत जाहली ती जाहली तशी लिहिली. दौलतीनें प्रथम लाज सांभाळिली आणि मागाहून बाया सांभाळिल्या. दोहोंच्या मधल्या काळांत गाड्या कारखान्यांत उभ्या असतां ज्या बाया घरींच थांबल्या, त्यांचें पुढें काय जाहलें हें दफ्तरांत कोठेंही नाहीं. शोधिलें, मिळालें नाहीं.